चढाई एकाची, डाव सातांचा

सांघिक खेळात विश्वास कोणावर टाकायचा आणि किती टाकायचा, हा प्रश्न त्या खेळांच्या नियमांइतकाच जुना आहे. संघात एखादा असामान्य खेळाडू असला की सगळा डाव त्याच्याभोवती रचावा, की त्याच्यावाचूनही निभावेल असा रचावा, याविषयी प्रत्येक खेळाने आपापल्या परिभाषेत वाद घातला आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद क्वार्टरबॅक आणि धावता खेळ यांच्यातील प्रमाणाचा आहे. अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडी पट्ट्यात अमेरिकन फुटबॉल कोणी खेळत नाही, पण जिथे कबड्डी हा गावोगावचा खेळ आहे तिथे तोच वाद मुख्य चढाईपटू आणि पकड यांच्यातील प्रमाणाचा होऊन उभा राहतो. बाह्य रूपात या दोन खेळांचे काहीही साम्य नाही. एकाला शिरस्त्राण आणि चिलखतासारखा पोशाख लागतो, तर दुसऱ्याला अर्धी विजार आणि मोकळी जागा पुरते. तरीही दोन्हींत एक माणूस सर्वांच्या नजरेसमोर निर्णय घेतो, बाकीचे त्याला तो निर्णय घेता यावा अशी स्थिती निर्माण करतात, आणि श्रेय मात्र पहिल्याच्या नावावर जमा होते. या दोन भागांचे संतुलन सामन्यातल्या डावपेचांनी साधते अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात ते बहुतांशी त्याआधीच, खेळाडूंना एकत्र सरावासाठी किती वेळ मिळाला यावर, ठरून गेलेले असते.

अमेरिकन फुटबॉलची रचना थोडक्यात अशी. अकरा खेळाडूंच्या संघाला चेंडू किमान १० यार्ड पुढे नेण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. तो चेंडू दूरवरच्या सहकाऱ्याकडे फेकू शकतो किंवा जवळच्या धावपटूच्या पोटाशी देऊन त्याला प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसायला लावू शकतो. यातील दुसऱ्या प्रकाराला धावता खेळ म्हणतात. चेंडू पुढे फेकण्याची मुभा या खेळात १९०६ पासून आली. तोवर तो सर्वस्वी रेटारेटीचाच खेळ होता. फेक देखणी असते, एका झटक्यात पन्नास यार्ड मिळवून देते, पण ती वाया जाऊ शकते किंवा प्रतिपक्षाच्या हाती पडू शकते. धाव तीन-चार यार्डांची, कष्टाची आणि पाहणाऱ्याला कंटाळवाणी असते. ती यशस्वी होण्यासाठी धावपटूच्या चपळाईइतकेच आघाडीच्या पाच अडवणाऱ्या खेळाडूंचे एका तालात हलणे आवश्यक असते, आणि त्या पाचांची नावे हौशी प्रेक्षकालाही सहसा ठाऊक नसतात.

डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघाचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे याची कारकीर्द या वादाचा सर्वांत बोलका दाखला आहे. १९८३ पासून डेन्व्हरकडून खेळणाऱ्या एल्वेने १९८६, १९८७ आणि १९८९ या तीन हंगामांत आपला संघ सुपर बाउल या अंतिम सामन्यापर्यंत जवळजवळ एकट्याच्या बळावर नेला आणि तिन्ही वेळा डेन्व्हरचा दारुण पराभव झाला. तिसऱ्या वेळी तर गुणफलक ५५-१० असा होता. १९९५ मध्ये माइक शानाहन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच वर्षीच्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीत, म्हणजे बहुतेक संघांनी दुर्लक्षिल्यावर, टेरेल डेव्हिस नावाचा धावपटू संघात आला. २५ जानेवारी १९९८ रोजी डेन्व्हरने ग्रीन बे पॅकर्सला ३१-२४ असे हरवले, तेव्हा सदतीस वर्षांच्या एल्वेच्या फेकींना मिळून अवघे १२३ यार्ड मिळाले होते आणि त्याच्या फेकीवर एकही टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपार नेऊन होणारी गुणकमाई, झाला नव्हता. डेव्हिसने मात्र धावून १५७ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले. आकड्यांच्या दृष्टीने महान क्वार्टरबॅकचा हा अंतिम फेरीतला सामान्य दिवस होता, आणि त्याच दिवशी त्याला विजेतेपद मिळाले.

या सामन्यातील एक प्रसंग तर तत्त्वाचे प्रात्यक्षिक म्हणावा असा आहे. डेव्हिसला अर्धशिशीचा झटका आला आणि दुसऱ्या सत्राच्या आरंभी त्याला धड दिसेनासे झाले. डेन्व्हरला त्या वेळी टचडाउनसाठी एकच यार्ड हवे होते. डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या डेव्हिसला शानाहन यांनी तरीही मैदानात उभे केले, कारण तो तेथे नसता तर प्रतिपक्षाने धावत्या डावाच्या हुलकावणीवर विश्वास ठेवला नसता. चेंडू डेव्हिसला दिल्याचे भासवून एल्वे स्वतः बाजूने आत शिरला आणि गुण घेऊन आला. ज्याला चेंडू दिसतही नव्हता अशा माणसाने केवळ उभे राहून ते यार्ड मोकळे केले. दुसऱ्या साधनाचे मोल ते किती वेळा वापरले यावरून मोजता येत नाही. प्रतिपक्षाला त्याची किती धास्ती वाटते, यावर ते ठरते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवणे भाग आहे. संतुलन म्हणजे निम्मी फेक आणि निम्मी धाव, अशी भोळी समजूत जुन्या प्रशिक्षकांत दीर्घकाळ होती आणि गेल्या काही दशकांतील आकडेशास्त्राने ती मोडीत काढली आहे. व्यावसायिक स्पर्धेत एका धावेतून सरासरी चार ते साडेचार यार्ड मिळतात, तर फेकीच्या एका प्रयत्नातून, वाया गेलेल्या फेकी हिशेबात धरूनही, सहा-सात यार्ड मिळतात. मग निम्मे प्रयत्न कमी लाभाच्या कामी का लावावेत? धावत्या खेळाचे समर्थक यावर एक आकडा हटकून पुढे करतात, तो असा की जास्त वेळा धावणारे संघ जास्त सामने जिंकतात. परंतु हा युक्तिवाद कोंबडा आरवला म्हणून उजाडले, असे मानण्यासारखा आहे. आघाडीवर असलेला संघ वेळ खर्ची पडावा म्हणून धावतो, कारण वाया गेलेल्या फेकीनंतर घड्याळ थांबते आणि धावेनंतर ते सहसा चालू राहते. म्हणजे जिंकू लागल्यामुळे धावणे वाढते. कबड्डीच्या जाणकाराला हे सांगावे लागत नाही. तीस सेकंदांची चढाई मध्यरेषेच्या आसपास घोटाळून रिकामी परत आणण्याचे काम आघाडीवरचाच संघ करतो, आणि म्हणून रिकाम्या चढायांची संख्या व विजय यांची सांगड घालून कोणी रिकामी चढाई हीच विजयाची किल्ली आहे असे म्हणू लागला, तर गावातले शाळकरी पोरही त्याला हसेल. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो, हा नियम त्या वेळकाढूपणाला आळा घालण्यासाठीच व्यावसायिक कबड्डीत आला.

तेव्हा संतुलनाची व्याख्या वाटणीच्या भाषेत करता येत नाही. ती कोणत्या भाषेत करावी, याचे उत्तर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या खेळ-सिद्धांतात मिळते. त्याचा आशय असा की, दोन प्रतिस्पर्धी एकमेकांचा अंदाज घेत असतील तेव्हा प्रत्येकाने आपल्या चाली ठराविक प्रमाणात मिसळाव्या लागतात, आणि ते प्रमाण अशा बिंदूवर स्थिरावते की प्रतिपक्षाने कोठेही जास्त बळ लावले तरी त्याला फायदा होऊ नये. त्या बिंदूवर पहिली चाल शंभरांत सत्तर वेळा आणि दुसरी तीस वेळा येत असेल. प्रमाण विषम असले तरी तोल साधलेला असतो. असामान्य क्वार्टरबॅक असलेल्या संघाने त्याच्याकडून जास्त काम घ्यावे, हे या सिद्धांतालाही मान्य आहे. त्याला अमान्य आहे ती एकच गोष्ट: दुसरी चाल इतकी दुबळी असणे, की प्रतिपक्षाला तिची दखलच घ्यावी लागू नये. असे झाले की सगळे बचावपटू एकाच माणसावर तुटून पडण्यास मोकळे होतात आणि त्याची असामान्यता सरासरीकडे ओढली जाते.

कबड्डीत हा परिणाम अधिक तीव्र असतो आणि त्याचे कारण खेळाच्या एका नियमात आहे. प्रमाणित नियमावली रूढ होण्यापूर्वी कबड्डीचे तीन प्रकार प्रचलित होते. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक खेळाडू बाद केला की आपला एक खेळाडू जिवंत होऊन परत येई. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे, आणि खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने ते परत येतात. बोनस रेषा ओलांडून गुण मिळतो पण त्याने कोणी जिवंत होत नाही. या छोट्या कलमाचा अर्थ मोठा आहे. संघाचा मुख्य चढाईपटू बाद झाला की तो स्वतःच्या पराक्रमाने परत येऊ शकत नाही. उरलेल्यांनी प्रतिपक्षाचा गडी पकडला किंवा दुसऱ्या चढाईपटूने कोणाला बाद केले तर तो उठतो, आणि त्याच्या आधी कोणी बाद झालेला असेल तर आधी त्याचा क्रमांक लागतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकची फेक वाया गेली तर तो पुढच्या प्रयत्नाला तेथेच उभा असतो. कबड्डीतला नायक मात्र चाळीस मिनिटांच्या सामन्यातली बरीच मिनिटे मैदानाबाहेर, सहकाऱ्यांच्या पकडीकडे डोळे लावून बसलेला असतो. संजीवनी हे नाव ज्याने कोणी दिले असेल त्याला खेळाचे मर्म कळले होते, असेच म्हणावे लागते.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने या नियमाचे परिणाम तपासण्यासाठी भरपूर सामग्री पुरवली आहे, आणि त्यात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालचे उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे. प्रतिपक्षाच्या साखळीखालून वाकून निसटण्याच्या त्याच्या डुबकीने २०१७ चा पाचवा हंगाम गाजला. २६ सामन्यांत त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले, हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात एकट्याने ३४ गुण घेतले, एका चढाईत तर संघाला आठ गुण मिळवून दिले, आणि पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद मिळवले. एका खेळाडूवर विसंबून अजिंक्यपद मिळते, याचा हा निर्विवाद पुरावा म्हणून सांगितला जातो. मात्र त्याच हंगामात पाटण्याच्या मोनू गोयतनेही चढाईचे १९१ गुण मिळवले होते, हे सांगायचे राहून जाते. प्रदीप बाहेर बसलेला असताना त्याला परत आणणारा हात प्रामुख्याने मोनूचा होता. पुढच्या हंगामाच्या लिलावात हरियाणाने मोनूला १ कोटी ५१ लाख रुपयांना, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च किमतीला, घेतले आणि दोन्ही संघांचे गणित एकदम बिघडले. प्रदीपचे गुण २३३ वर आले आणि पाटणा बाद फेरीपर्यंत पोहोचले नाही. मोनू आता दुसरा न राहता पहिला झाला आणि हरियाणाचा संघ आपल्या गटात तळाला गेला. २०१९ च्या सातव्या हंगामात प्रदीपने पुन्हा २२ सामन्यांत ३०२ गुण मिळवले. प्रतिसामना हिशेब मांडला तर पाचव्या हंगामात १४.२ आणि सातव्यात १३.७ गुण भरतात. फरक नगण्य आहे. खेळाडू तोच, त्याची कामगिरी जवळजवळ तीच, आणि तरीही पाटणा एकदा अजिंक्य ठरले व दुसऱ्यांदा आठव्या स्थानावर राहिले. नायकाचे गुण आणि संघाचे यश यांच्यात गृहीत धरली जाणारी सरळ रेषा येथे तुटते.

त्याच सातव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, १९ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादेत, दबंग दिल्लीच्या नवीन कुमारने १८ गुण मिळवले आणि दिल्ली ३४-३९ अशी हरली. हरवणाऱ्या बेंगाल वॉरियर्सचा कर्णधार व मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळलाच नव्हता. इराणचा अष्टपैलू मोहम्मद नबीबख्श आणि इतरांनी ते काम वाटून घेतले. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजार रुपयांना घेतले, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात काही मिनिटांत त्याच्या गुडघ्याला इजा झाली आणि तो हंगामभर बाहेर गेला. संघाची धूळधाण होणार असे सर्वांनी गृहीत धरले असताना नरेंदर या नवख्या तरुणाने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. नायक गेल्याने संघ सुधारतो, असा उफराटा निष्कर्ष यातून काढणे अर्थातच चूक आहे. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराणच्या मागे असलेल्या भारताला अजय ठाकूरच्या १२ गुणांनीच तारले, आणि ५ जानेवारी २०१९ च्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सच्या ३८ गुणांपैकी २२ एकट्या पवनचे होते. असामान्य माणूस सामना फिरवतो. पण अख्खा हंगाम त्याच्या एकट्याच्या खांद्यावर पेलत नाही, आणि त्याला सामना फिरवता यावा इतका वेळ मैदानावर ठेवण्याचे काम इतरांचे असते.

खर्चाची मर्यादा हा यातला आणखी एक पदर आहे. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९४ पासून संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे क्वार्टरबॅकला दिलेला प्रत्येक डॉलर अडवणाऱ्या पाचांच्या ताटातून निघतो. प्रो कबड्डीतही तसेच बंधन आहे. दहाव्या हंगामाच्या लिलावात प्रत्येक संघाला ५ कोटींची मर्यादा असताना तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम मोजली. पवनने आपल्या लौकिकाला साजेसे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि टायटन्स २२ पैकी अवघे २ सामने जिंकून तळाला राहिले. हे उदाहरण इतके सोयीचे आहे की त्यावरच थांबण्याचा मोह होतो. परंतु त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई चियानेह याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले, म्हणजे तिजोरीचा जवळजवळ निम्मा भाग एकावरच लावला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून अजिंक्यपद मिळवले. तेव्हा एका माणसावर पैसा ओतणे हाच दोष असता तर पुणेरी पलटणही बुडायला हवी होती. फरक कोठे पडला? पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे तरुण होते, जे काही हंगाम एकमेकांच्या सोबत खेळून तयार झाले होते. कोण केव्हा पुढे सरकतो आणि कोण मागे राहतो हे त्यांना न बोलता कळत होते. महागडा खेळाडू अशा तयार पायावर आला. टायटन्सकडे तो पायाच्या जागी आला.

आणि येथून विषय पैशांकडून वेळेकडे वळतो. चढाई ही बऱ्याच अंशी एकट्याने घडवता येणारी विद्या आहे. दम टिकवणे, पायाची फेक, पवित्रा बदलणे, बोनस रेषेवरचे पाऊल, या गोष्टींचा मुलगा शेताच्या बांधावर एकटाही सराव करू शकतो, आणि दोन-तीन मित्र मिळाले तर उत्तमच. पकडीचे तसे नाही. पकडीत कोपरारक्षक आणि मध्यरक्षक एकमेकांचे हात धरून साखळी करतात. चढाईपटू आत आला की दोन्ही कोपऱ्यांपैकी एकाने घोट्यावर झेप घ्यायची, लगतच्याने त्याच क्षणी कंबर धरायची किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलायचे, आणि उरलेल्यांनी मध्यरेषेकडची वाट बंद करायची, असा तो क्रम असतो. घोट्यावरची झेप अर्ध्या सेकंदाने आधी पडली तर चढाईपटू लाथेने स्पर्श करून निघून जातो. मागाहून पडली तर तिघेही एकदम बाद होतात. हे अर्ध्या सेकंदाचे गणित समजावून शिकवता येत नाही, ते तेच सात जण शेकडो संध्याकाळी एकत्र खेळले तरच अंगात भिनते. अमेरिकन फुटबॉलमधल्या अडवणाऱ्या पाचांचेही हेच आहे. डेन्व्हरची भिंत चालून येणाऱ्या विशिष्ट गड्याला अडवण्याऐवजी एकत्र एका दिशेला सरकून जागा अडवत असे, आणि हे सरकणे पाचांचे एकाच ठेक्यात झाले नाही तर डेव्हिसला वाट मिळाली नसती.

म्हणजे नायकावर विसंबणे ही बहुधा प्रशिक्षकाची मूर्खता नसते. एकत्र वेळेचा तुटवडा असलेल्या संघाने काढलेली ती वाजवी पळवाट असते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १९९० पासून कबड्डीचे प्रत्येक सुवर्णपदक जिंकलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला, तेव्हा भारताकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी अशी लीगमधली सर्वांत झळाळती नावे होती. फजल अत्राचलीच्या इराणी बचावाने त्या नावांना धरून ठेवले. वर्षातले कित्येक महिने बारा वेगवेगळ्या संघांत एकमेकांविरुद्ध खेळणारे नामवंत चढाईपटू थोड्या दिवसांच्या शिबिरात एकत्र आणले, तर चढाया मिळतात, साखळी मिळत नाही, असे त्या पराभवाचे एक वाचन करता येते. त्याच स्पर्धेत इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले आणि त्या संघाला घडवणाऱ्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची वाटावी की बोचावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या चर्चेला एक वेगळी किनार आहे. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली व्यायामसंस्था, म्हणजे आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, मुळात सामुदायिक शिस्तीच्या कल्पनेवर उभी राहिली. लेझीम, मल्लखांब, लाठी, कवायत अशा ज्या प्रकारांवर तिचा लौकिक उभा राहिला, त्यांत एकाने बाजी मारण्यापेक्षा अनेकांनी एका तालात हलण्याला महत्त्व होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक केले, आणि प्रात्यक्षिकात अर्थातच कोणी विजेता नव्हता. देशाच्या कबड्डी नकाशावर विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा खेळतो. तरी मुंबई, पुणे, सांगली, रत्नागिरी या पट्ट्याने जेवढे नामवंत चढाईपटू दिले तेवढे वऱ्हाडाने दिले नाहीत. नायक निपजत नाहीत, ही येथली नेहमीची तक्रार आहे. त्या तक्रारीत एक गोष्ट विसरली जाते: ज्या परंपरेने शंभराहून अधिक वर्षे अनेकांना एकत्र हलायला शिकवले, तिच्यापाशी पकडीचे भांडवल आहे, आणि ते खेळाच्या दुर्मीळ अंगाचे भांडवल आहे.

प्रश्न एवढाच की ते भांडवल गावच्या मैदानापर्यंत पोहोचते का. गावोगावच्या खुल्या स्पर्धांत बाहेरून, कधी शेजारच्या तालुक्यातून तर कधी दुसऱ्या जिल्ह्यातून, नावाजलेला चढाईपटू आणून खेळवण्याची रीत जुनी आहे. तो सामन्याच्या दिवशी दुपारी येतो, उरलेल्या सहांची नावेही त्याला नीट ठाऊक नसतात, आणि संध्याकाळी बक्षीस घेऊन जातो. आयोजकांनाही गर्दी खेचणारे नाव हवे असते, आणि उत्कृष्ट चढाईपटूचे बक्षीस उत्कृष्ट पकडीच्या बक्षिसापेक्षा मोठे असणे कोणालाच वावगे वाटत नाही. या रीतीला नैतिक दोष लावण्यात अर्थ नाही, कारण तिच्यामागे तीच एकत्र वेळेची टंचाई आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नांदगाव पेठ या गावाकडे त्या दृष्टीने पाहता येते. शेतीच्या गावात सगळ्यांची कामे एकाच ऋतूचक्राला बांधलेली असत. पेरणीत सगळेच गुंतलेले आणि सुगीनंतर सगळेच मोकळे, म्हणून सात जण एकाच वेळी मैदानावर येणे ही काही योजना करण्याची बाब नव्हती. आज त्या गावालगत औद्योगिक वसाहत आहे, कापडगिरण्या आहेत, आणि २७० मेगावॉटच्या पाच संचांचा मिळून १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. एक संच बंद पडला तरी उरलेल्या चारांनी भार वाहावा असा त्या रचनेचा हिशेब असतो. गावच्या कबड्डी संघाला तो सुचवण्याची गरज नाही, त्याला तो कळतो, पण परवडत नाही. कारखान्याचे काम पाळ्यांत चालते. डाव्या कोपऱ्याची पाळी सकाळची, मध्यरक्षकाची दुपारची आणि उजव्या कोपऱ्याची रात्रीची असेल, तर संध्याकाळी सहा वाजता मैदानावर चढाईपटू येतो, कारण त्याला एकट्याला करण्यासारखे काहीतरी असते. साखळीला किमान दोन हात लागतात, आणि त्यांतला एक त्या वेळी यंत्रावर असतो.